पेवावरचा कोपरा

कुणाच्याही घरी गेलो की लोक मला पाण्याच्या तांब्याआधी भिंत दाखवतात. लग्नात डॉक्टरला गाठून जीभ दाखवणारे असतात ना, तसं. "आलाच आहात तर जरा ही बघता का," असं म्हणत कॅलेंडर बाजूला सरकवलं जातं. कॅलेंडरचा खिळा नेमका भेगेच्या डोक्यावर का ठोकलेला असतो हे मला आता विचारावं लागत नाही. भेग वाढून कॅलेंडर लहान पडलं की तिथं देवाचा मोठा फोटो येतो. फोटो लहान पडला की कपाट सरकतं. आणि कपाटाच्याही वर भेग डोकावायला लागली की मला फोन येतो.

मी डिप्लोमा केलेला बांधकाम इंजिनिअर. सुरुवातीची वर्षं कळंबला काढली, नंतर सासुरवाडीच्या आधारानं मुरूमला ऑफिस टाकलं. निम्मं आयुष्य घरं बांधण्यात गेलं आणि निम्मं, बांधलेली घरं का फुटतात ते सांगण्यात. संपादक म्हणाले, तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा. लिहितो. त्यातली शेवटची गंमत आहे की नाही, ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

भेग वाचायला फार शिक्षण लागत नाही, डोळ्यांसमोर घरमालक उभा नसला म्हणजे झालं. केसासारख्या बारीक, कोळ्याच्या जाळ्यागत पसरलेल्या रेघा नुसत्या गिलाव्याच्या असतात. त्यांच्याकडं बघून घाबरणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावं. स्लॅबच्या खाली आडवी सरळ रेघ दिसली तर ती उन्हाची. आमच्याकडच्या उन्हात स्लॅब तापून पसरतो, भिंत जागची हलत नाही, दोघांचं पटत नाही. पण खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तिरपी, विटांच्या पायऱ्या उतरत गेलेली भेग असेल, आणि ती वर रुंद व खाली निमुळती होत असेल, तर मात्र खाली बघायचं. तिथं घराचा एक भाग खचतोय. फरशीचंही तसंच. काठीनं ठोकलं आणि पोकळ वाजलं तर समजायचं की खालचा भराव न चोपताच वरून चकाकी चढवली आहे.

काळ्या मातीचं तर विचारू नका. शेताला ती आईसारखी, घराला सवतीसारखी. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात अशी फाटते की बांधावर विसरलेला विळा तिच्यात गडप होतो. तिच्यावर घर बांधायचं तर ती उपसून खालच्या टणक मुरमापर्यंत जायचं, हा पहिला धडा. पण मुरमापर्यंत जायला पैसा लागतो आणि तो पैसा जमिनीत जातो. "साहेब, पायात कोण बघायला येतंय?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की पुढं पुढं मीच ते गिऱ्हाइकाच्या आधी म्हणायला लागलो. गिऱ्हाईक खूश व्हायचं. वाचलेल्या पैशात दर्शनी भागाला दोन गोल खांब आणि त्यावर सिमेंटचे हत्ती यायचे.

कळंबला एक धान्याचे अडते होते. त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत फुटली. मी बाहेर जाऊन बघितलं तर धुण्याच्या मशीनचा पाइप थेट भिंतीच्या मुळाशी सोडलेला. रोज दोन बादल्या साबणाचं पाणी त्या काळ्या मातीला पाजलं जात होतं. म्हटलं, पाइप तेवढा गटारात न्या. शेठजींना इलाज फार स्वस्त वाटला. स्वस्त इलाजावर आमच्याकडं कुणाचा विश्वास नाही. त्यांनी लातूरहून वास्तुवाले आणले. वास्तुवाल्यांनी स्वयंपाकघर आग्नेयेला हलवायला सांगितलं. ते हलवताना मधली भिंत पाडली, त्यामुळं दिवाणखान्याची फुटली. मला पुन्हा बोलावणं आलं. शेठजी म्हणाले, "बघा, दोष किती खोलवर होता." पाइप तिथंच होता. मशीन तेवढं नवीन घेतलं होतं.

ढोकीला एका ट्रॅक्टरमालकाच्या घराची पुढची फरशी खचली. त्यांचं म्हणणं असं की कारखान्याला जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांनी घर हादरतं. लोकांच्या ट्रॉल्यांनी. त्यांच्या स्वतःच्या चार ट्रॉल्या त्याच रस्त्यानं, तेवढाच ऊस भरून जायच्या, अंगणातच वळायच्या. मी ते भीत भीत काढलं तर म्हणाले, "आपले ड्रायव्हर सावकाश चालवतात." पुढं त्यांनी ग्रामपंचायतीत अर्ज केला आणि दारापुढं गतिरोधक करून घेतला. त्यामुळं लोकांची प्रत्येक ट्रॉली त्यांच्याच दारात आपटून पुढं जायला लागली.

हसू येतं, पण यात आम्ही इंजिनिअर लोक कुठं होतो तेही सांगायला हवं. भेग पडली की तिला बाप शोधावा लागतो. मालक इंजिनिअरकडं बोट करतो, इंजिनिअर गवंड्याकडं, गवंडी सिमेंटकडं, सिमेंटवाला पाण्याकडं. पाण्यापाशी गाडी थांबते, कारण नव्या भिंतीवर पाणी मारायचं काम घरातल्या बाईचं असतं. "वहिनी, पाणी कमी पडलं बघा." एवढं म्हटलं की गवंड्यापासून मालकापर्यंत सगळे पुरुष सुटतात. मी हे किती घरांत म्हणालो याची मोजदाद नाही. वहिनी कधी उलटून बोलल्या नाहीत. घरात गेल्यावर त्यांना काय ऐकावं लागलं ते मला कळायचं कारण नव्हतं, मी तोवर मोटारसायकलला किक मारलेली असे.

यापलीकडं माझं एक ठेवणीतलं वाक्य होतं: "शक्यता नाकारता येत नाही." शेजाऱ्याच्या बोअरमुळं झालं असंल का? शक्यता नाकारता येत नाही. बाजूला पिंपळ आहे त्यानं? शक्यता नाकारता येत नाही. या वाक्यात खोटं काहीच नाही. आणि खरं सांगायची गरजही उरत नाही.

आमच्या जिल्ह्यात इंजिनिअरला आणखी एक आसरा आहे. भूकंप. तो मोठा भूकंप होऊन पिढी उलटली, पण उमरगा-लोहाऱ्याकडं अजून मधूनच कधी जमीन गुरगुरते, भांडी किणकिणतात, लोक उठून अंगणात येतात, पुन्हा आत जातात. सकाळी मी घराघरातून फिरलो तर माझ्या सगळ्या जुन्या चुका धुऊन निघालेल्या असत. जमिनीच्या हादऱ्यावर कुणी दावा लावत नाही.

आता मुरूमच्या प्रकाशरावांचं घर.

प्रकाशरावांचं कापडाचं दुकान. घरात बायको सुनीता आणि म्हातारी आई. कर्नाटकाच्या सीमेलगतच्या आमच्या पट्ट्यात बऱ्याच घरांत आईला अव्वा म्हणतात, म्हणून सगळी गल्लीच त्यांना अव्वा म्हणायची. गावठाणातल्या त्यांच्या जुन्या जागेवर मी त्यांचं नवं घर बांधलं. माती पांढरी, चांगली. टणक मुरूम वरच लागला. खांबांशिवायचं, विटांच्या भिंतींवर स्लॅब तोललेलं घर. भूकंपाच्या भागात अशा घराला दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना बांधून घेणारा काँक्रीटचा सलग पट्टा द्यावा लागतो. तो मी दिला होता, त्यात काटकसर केली नाही. भूकंपापासून ते घर मी नीट वाचवलं होतं.

पाया खणताना मागच्या एका कोपऱ्यात पहार रोवली तर ती लोण्यात गेल्यासारखी आत गेली. काढली तर टोकाला राख. मला कळलं. खाली जुनं पेव होतं. ज्वारी साठवायला पूर्वी जमिनीत खणत ते, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असं. वापर संपल्यावर लोक त्यात राख-कचरा टाकून बुजवत. ते सगळं उपसून तळापर्यंत जायला हवं होतं. पण खोदायचं मशीन दुसऱ्या कामावर निघालं होतं, प्रकाशरावांना मुहूर्तावर चौकट उभी करायची होती, आणि मला तिसऱ्याच गावी स्लॅब टाकल्याच्या जेवणाला जायचं होतं. मी म्हणालो, "दगड टाका, चोपा आणि वर घ्या." गडी दगड टाकायला लागले. पायात कोण बघायला येतंय.

दुसऱ्या वर्षी, पावसाळा सरताना, त्या कोपऱ्याच्या खोलीत तिरपी भेग पडली. वर रुंद, खाली निमुळती. ती अव्वांची खोली. प्रकाशरावांनी बोलावलं. मी सवयीनं म्हणालो, "पाणी कमी पडलं असेल." सुनीता दारात उभी होती. म्हणाली, "साहेब, दोन्ही वेळ मारलंय. शेजारच्या काकू म्हणायच्या, भिंतीला सर्दी होईल." माझा पहिला रस्ता बंद झाला. मातीवर ढकलावं तर ती चांगली, हे मीच सांगितलेलं. तेवढ्यात मला आठवलं, मागच्याच आठवड्यात रात्री थोडी जमीन हलली होती.

"परवाचा हादरा," मी म्हणालो. "आपल्याकडं काय, शक्यता नाकारता येत नाही. काळजी नको, घर पक्कं आहे."

प्रकाशरावांचा चेहरा मोकळा झाला. माझाही. मागं अव्वा पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या, तिकडं मी बघितलंच नाही.

अव्वांचं माहेर लोहाऱ्याकडचं. मोठ्या भूकंपाच्या त्या पहाटे त्यांचे आईवडील घरातच होते, आणि घर दगडमातीचं होतं. एवढं या भागात सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही.

त्याच दिवशी अव्वांनी आपली वाकळ उचलली आणि अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये नेली. जिथं सरपण आणि जुनी सायकल होती, तिथं. मुलानं समजावलं, सुनेनं पाय धरले. अव्वांचं एकच: "सायेबच म्हनले न्हवं, भूकंपाची हाय." सुनीतानं तिथं पंखा लावला, उन्हाळ्यात पत्र्यावर ओली पोती टाकली, थंडीत बाजूला ताडपत्री बांधली. गल्लीनं काय बघितलं? नव्या घरात सून, पत्र्यात सासू. भाजीवाल्यापासून भजनाच्या बायकांपर्यंत सगळ्यांना कारण माहीत होतं, आणि ते कारण भूकंप नव्हतं. "पंखा तरी दिलाय म्हना की," असं एक बाई सुनीताच्या देखत म्हणाली.

हे सगळं मला ठाऊक होतं. मुरूम केवढं गाव. मी त्या गल्लीतून जायचं टाळायला लागलो, आणि गाठ पडलीच तर प्रकाशरावांना म्हणायचो, "वयानं होतं तसं. समजूत काढत राहा." ती भेगही एकदा मीच भरून, रंगवून दिली होती, फुकट. पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा उघडली. अव्वांना वाटलं, पुन्हा हादरा.

दोन उन्हाळे असे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात प्रकाशरावांचा धाकटा भाऊ पुण्याहून आला. नेमका त्या दुपारी मी तिथं होतो. प्रकाशरावांना वरचा मजला काढायचा होता, म्हणून बोलावलं होतं. धाकट्यानं आईला शेडमध्ये बघितलं आणि बॅग न ठेवताच सुरू झाला.

"दादा, लाज नाही वाटत? आत थंडगार कूलर, आणि आई पत्र्यात?"

"अरे, ती ऐकत नाही."

"ऐकत नाही की ऐकू देत नाहीत? वहिनी, तुमचे आईवडील असते तर ठेवलं असतं असं?"

सुनीता ताक घुसळत होती. रवी थांबली. ती धाकट्या दिराला सोडून माझ्याकडं वळली. "साहेब, तुम्ही तरी सांगा यांना. मी ठेवलंय का अव्वाला बाहेर?"

मी तोंड उघडलं. "त्याचं असं आहे, भूकंपाची भीती एकदा बसली की…" असं काहीतरी म्हणणार होतो. निम्मं म्हटलंही. ती माझ्याकडं बघत राहिली. तिला माझ्याकडून एवढीच साक्ष हवी होती, आणि मी पुन्हा त्याच भूकंपाला पुढं करत होतो.

"ती भेग भूकंपाची नाही," मी म्हणालो. "खाली पेव आहे. मला पाया काढतानाच कळलं होतं. मी वरच्यावर बुजवलं."

धाकट्यानं आता कुठं बॅग खाली ठेवली. मग म्हणाला, "म्हणजे आता ग्राहक न्यायालय."

"तू थांब," प्रकाशराव म्हणाले. ते माझ्याकडं बघत नव्हते. "मला सांगून काय उपयोग? अव्वाला सांगा."

शेडमध्ये अव्वा तुरीच्या डाळीतले खडे वेचत होत्या. मी बाजल्याच्या कडेला बसलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

"मंग आता पडंल का?"

"नाही अव्वा. वरून पट्टा आहे. भिंत फुटंल, पण पडणार नाही."

"तवा म्हनलात भूकंप. आता म्हनताय पेव. पुढल्या साली काय म्हनशाल?"

मी पट्ट्याचं पुन्हा सांगायला लागलो.

"असं करा," त्या म्हणाल्या, "तुमी झोपा तितं घटकाभर. जेवलाव न्हवं? दुपारची झोप बरी आसती. म्या बघते."

मला वाटलं गंमत करतायत. त्या उठून चालायला लागल्या. सुनीतानं चटई अंथरली, उशी दिली. अव्वा उंबऱ्यात बसल्या, अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर. धाकटा आणि प्रकाशराव त्यांच्या मागं. मी माझ्या भेगेखाली आडवा झालो.

मी बांधलेल्या घरात पाठ टेकून वर बघायची ती माझी पहिलीच वेळ. उभं राहून बघताना भेग पेन्सिलीची रेघ वाटते. खालून बघताना ती तोंडासारखी दिसते. घर पडणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. पट्ट्यातल्या सळया कोपऱ्यात वळवून एकमेकींत गुंतवलेल्या असतात, त्यामुळं भिंती सुटत नाहीत, हे मी कितीजणांना काढून दाखवलं होतं. मग आठवलं की या कोपऱ्यातल्या सळया बांधल्या तेव्हा मी जागेवर नव्हतो. कुठंतरी पुरणपोळी खात होतो. त्या वळवल्या होत्या का? कुणी बघितलं? मी डोळे मिटले, उघडले, कूस बदलली.

"झोप यीना व्हय सायेब?" अव्वा म्हणाल्या.

"नाही."

"तुमास्नी तर ठावं हाय, काय हुनार न्हाय म्हनून."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच उठून बसायला मला वेळ लागला.

पुढच्या आठवड्यात काम काढलं, माझ्या खर्चानं. आधी कोपऱ्यातला गिलावा फोडून सळया बघितल्या. गवंड्यानं त्या वळवल्या होत्या. मग आत टेकू लावले आणि बाहेरून भिंतीच्या बुडाशी थोडं थोडं अंतर सोडून खणत गेलो. एक तुकडा तळापर्यंत नेऊन काँक्रीटनं भरायचा, तो पक्का झाल्यावर शेजारचा. पाया मागून बांधणं म्हणजे पंगत बसल्यावर माणसांखाली पाट सारण्यासारखं आहे, सगळ्यांना उठवत बसावं लागतं. राख निघाली, गाडग्यांचे तुकडे निघाले, कुजक्या कडब्याचा वास सुटला. अव्वा खुर्ची टाकून रोज काठावर.

"ह्या पेवात म्या उतरलेली हाय," त्या एकदा म्हणाल्या. "नवी नवरी व्हते. बारकी व्हते म्हनून मलाच सोडायचे जवारी काढाया."

"मग पाया खणताना सांगितलं का नाही अव्वा?"

"इचारलं कुनी? तुमी तर कागुद घिऊन आलतेव."

घराचा उतारा, मोजणी, नकाशा, सगळं मी बघितलं होतं. त्या जागेवर जन्म काढलेली बाई ओट्यावर लसूण सोलत बसली होती, तिला विचारायचं राहिलं. हे आमच्या कॉलेजात शिकवत नाहीत, आणि शिकवलं असतं तरी मला त्या दिवशी घाई होती.

तळाला पिवळा, टणक मुरूम लागला तेव्हा मी पहार अव्वांच्या हातात दिली. त्यांनी बसल्या जागेवरून दोनदा आपटून बघितली. "टनक वाजतंय," म्हणाल्या.

सगळं भरून, बुजवून झाल्यावर मी आणखी एक पावसाळा थांबलो. भेग उघडली नाही. मग अव्वांनी मला पुन्हा झोपायला बोलावलं. या खेपेला मी झोपलो, चांगला घोरत, असं सुनीता म्हणते. उठलो तर वाकळ घरात आलेली. त्या खोलीत नव्हे, पुढच्या दिवाणखान्यात, दाराच्या जवळ. "सवयीनं जाईन हळूहळू," अव्वा म्हणाल्या. गेल्या दिवाळीपासून त्या आपल्या खोलीत झोपतात.

इथं हे संपायला हवं होतं. पण परवा बाजारात तेच भजनी मंडळ भेटलं. त्यातल्या एक म्हणाल्या, "साहेब, पुण्य केलंत. तुम्ही दमात घेतलं म्हणून तर सुनेनं सासूला घरात घेतलं." आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. मी तिथं सांगायला लागलो तर त्या म्हणाल्या, "मोठेपणा घेत नाही हो तुम्ही, म्हणून असं बोलता." माझ्या ऑफिसात आता लोक सासू-सुनेची भांडणं घेऊन येतात.

म्हणून हे लिहायला बसलो. सुनीताला विचारलं, नाव घालू का. म्हणाली, "घाला. आडनाव नको, आडनावात सगळे पाहुणे येतात." प्रकाशरावांनी वाचून परत दिलं. वरच्या मजल्याचं काम त्यांनी दुसऱ्याला दिलं आहे, ते योग्यच आहे.

मुरूमला हा अंक वाचनालयात येतो, आणि वाचनालयातलं बाजारात पोचतं, एवढ्या भरवशावर सांगतो. सुनीतानं सासूला घराबाहेर काढलं नव्हतं. मी काढलं होतं.